लिंबाजीअण्णांचं देवदारी कपाट

लिंबाजीअण्णांना कुठलीही गोष्ट एकदा सांगून कळत नाही. दोनदा सांगितली तर ते तिसऱ्यांदा विचारतात, की आधी सांगितलेली खरी की नंतर सांगितलेली. फौजेत या माणसानं आयुष्यभर ट्रक चालवला, तोही बर्फाच्या घाटांतून, आणि एकदाही दरीत घातला नाही, यावर भूममधल्या कुणाचा विश्वास बसत नाही. इथं ते बाजारात भाजी आणायला जातात आणि मेथी घेऊ की शेपू यावर अडून पिशवी रिकामी घेऊन परत येतात. मी प्रीती, त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि भिंतीच्या अलीकडं माझं शिलाई मशीन. त्यामुळं त्या घरात काय चाललंय ते मला, इच्छा असो नसो, कळतंच. इच्छा बहुतेक वेळा असते.

त्यांची बायको सत्यभामा, आमची भामाकाकू. ती बरोबर उलटी. बोलणं मोजकं, आणि एकदा बोलली की विषय संपला. अण्णांचा गोंधळ सुरू झाला की "आवं, तुमी बसा तिकडं" म्हणायचं आणि काम स्वतः उरकायचं, असा तिचा संसार. एकुलती लेक शिवकन्या बार्शीला दिलेली. घरात ही दोघं आणि मागच्या बाजूला लोकांची खव्याची भट्टी, जिचा धूर सगळ्या गल्लीच्या कपड्यांत जाऊन बसतो.

काकूचं माहेर पारगाव. आईबाप लवकर गेले, राहिला एक भाऊ, गोरोबा. त्याला ना बायको ना लेकरू. दर पंचमीला तो बहिणीला लुगडं घेऊन यायचा. शेवटचा आला तेव्हा त्यानं हिरवं इरकल आणलं होतं, रेशमी काठाचं, लालभडक पदराचं. घरी बाईमाणूस नाही, म्हणून पदराच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट त्यानं स्वतःच लावलेलं, तेही जरा जास्तच दाबून. तो पावसाळा काही त्यानं काढला नाही.

आमच्या भागात बाई गेली की तिच्या माहेरचं लुगडं यावं लागतं. कोरं, पाणी न लागलेलं. ते अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आता गोरोबाच गेला, तर काकूच्या वेळेला आणणार कोण? म्हणून ते हिरवं लुगडं तिनं नेसलंच नाही. "हे माझ्या शेवटाचं. माझा भाऊ आधीच दिऊन गेलाय," असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तितक्या सहज. आम्ही बौद्ध, आमच्यात हे काही नाही. मी म्हटलं, "काकू, मेल्यावर काय हिरवं आन् काय पांढरं?"

"तुझ्यात तुझं, माझ्यात माझं," ती म्हणाली. "त्या दिवशी माहेराहून काय न्हाय आलं, तर बाया म्हनतील, हिला मागं कुनीच नव्हतं."

मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही आमच्या गल्लीत बातमी असते.

पुढं एका पावसाळ्यात काकूच्या ट्रंकेतल्या लग्नातल्या शालूला कसर लागली. उलगडला तर चाळणी. हिरवं लुगडं तेवढं वाचलं होतं. मी डांबराच्या गोळ्या टाकायला सांगितल्या, तर काकू उखडली. "मला डांबराच्या वासात लावून देता व्हय?" मग कडुलिंबाचा पाला टाकला, त्याचा वाळून भुगा झाला आणि घडीत घुसला. अण्णा हे सगळं बघत ओट्यावर बसून होते. अचानक म्हणाले, "देवदार."

कुणाला काही कळलं नाही. त्यांना मात्र बहुतेक पहिल्यांदाच कळलं होतं. हिमाचलात गाडी लावून ते ज्या घरी चहा प्यायचे, तिथं एक कोठी होती, आतून देवदाराच्या फळ्या मारलेली. त्या घरच्या म्हातारीनं लग्नातली लोकरीची शाल काढून दाखवलेली. "एक भोक न्हाय, प्रीती. एक बी न्हाय. त्या लाकडाच्या वासाला किडा उभा ऱ्हात न्हाय."

शंकरप्पा सुतार हसला. "आण्णा, देवदाराची खोकी व्हत्यात. सफरचंदाची. कपाटाला सागवान घ्या." झालं. अण्णा परत गोंधळले. आपण पाहिलेलं देवदार की खोक्याचं देवदार, आणि ही दोन लाकडं एकच की निरनिराळी? आठवडी बाजारात ते फळवाल्यांची रिकामी खोकी नाकाला लावत फिरले. एका फळवाल्यानं विचारलं, "फौजी, सफरचंद घेयाचंय का पेटी?" तर हे म्हणाले, "ते बघून सांगतो." शेवटी पठाणकोटच्या जुन्या दोस्ताला फोन लावला. त्यानं तिकडच्या ट्रकवर फळ्या घालून दिल्या.

फळ्या उतरल्या त्या दिवशी गल्लीत गर्दी झाली. वासच तसला होता. कुणी म्हणालं उदबत्ती, कुणी म्हणालं औषध. मला तर पेन्सिलीला टोक करताना यायचा तो शाळेतला वास आठवला. खव्याचा धूर त्या दिवशी पहिल्यांदा हरला.

त्यांच्या माजघरात भिंतीतलं कपाट होतं, कडप्प्याच्या फळ्यांचं. ते आतून देवदारानं मढवायचं ठरलं. खाली, वर, तिन्ही बाजूंना, दाराच्या आतल्या अंगालासुद्धा. शंकरप्पानं फळीला फळी अशी बसवली की मधे पोस्टकार्ड जाऊ नये. मग तो पॉलिशचा डबा घेऊन आला आणि भांडण लागलं. अण्णांना दोस्तानं सांगितलेलं, की पॉलिश नको, तेल नको, रंग नको. लाकूड उघडं राहिलं तरच वास देतं. शंकरप्पा म्हणाला, "बिगरपॉलिशचं सोडलं तर माझी अब्रू जाईल. लोक म्हनतील, काम अर्ध्यात टाकून पळाला." अण्णांना दोघांचंही पटत होतं. त्यांनी पुन्हा फोन लावला, पुन्हा तेच उत्तर आलं, तो ठेवून त्यांनी पुन्हा लावला. तिसऱ्या फोनला तो सरदारजी दोस्त काय बोलला ते भिंतीपलीकडून मला ऐकू आलं नाही, पण पॉलिशचा डबा परत गेला.

लुगडं धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून काकूनं आत ठेवलं, लाकडाचं तेल कापडाला लागू नये म्हणून. दार घट्ट बसलं. त्या दिवसापासून अण्णांचा एक नवाच धंदा सुरू झाला. कुणी कपाटाजवळ गेलं की ओरडायचं, "दार लावा! वास उडतो!" काकू त्यात दुसरं काही ठेवू देत नव्हती आणि अण्णा दार उघडू देत नव्हते. वास कमी झाला, की लाकडावर हलक्या हातानं पॉलिश पेपर, खरखरीत घासायचा कागद, मारायचा, म्हणजे आतला वास पुन्हा वर येतो, हेही दोस्तानं सांगितलेलं. ते काम अण्णा जीव लावून करायचे. भुसा झाडायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे, नाक आत घालून हुंगायचे.

एकदा मी ब्लाउज द्यायला गेले, तर ते कपाटासमोर नुसते बसलेले. मला म्हणाले, "प्रीती, एक सांग. म्या हे बांधलं ते कशासाठी?"

"काकूच्या लुगड्यासाठी."

"व्हय. म्हंजे ती गेल्यावर उघडायला. रोज दार घट्ट लावतो आन् मनात म्हनतो, हे दार उघडायची येळ येऊ नगं. मंग बांधलं कशाला? मला काय कळंना झालंय."

मी म्हटलं, "आण्णा, चहा ठेवू का?"

हे सगळं नीट चाललं असतं, पण मधे दसरा आला. आमच्या भागात घट बसायच्या आधी 'दसरा काढतात'. म्हणजे घरातलं झाडून सगळं धुवायचं. गोधड्या, वाकळा, पडदे, पासोड्या, ठेवणीतलं, वापरातलं. चिंधीसुद्धा बिनधुतली राहता कामा नये. यंदा नेमका त्याच वेळेला काकूच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि ती बार्शीला लेकीकडं राहिली. धूर नको, पाणी नको, ओझं नको. तिथून तिनं अण्णांना फोनवर सांगितलं, "बाया लावून वाकळा धुवून घ्या. आन् कपाटाचा वास कमी झालाय, तेवढा पेपर मारा."

अण्णांना एका फोनमध्ये दोन कामं सांगायची नसतात. हे तिला माहीत होतं, पण डोळ्याला पट्टी असली की माणूस विसरतो.

त्यांनी कपाट उघडलं. भुसा पडेल म्हणून लुगड्याचं गाठोडं काढून खाटेवर ठेवलं. खाटेवर घरभरचं धुणं आधीच रचलेलं. पेपर मारून होतो न होतो तोच धुणाऱ्या बाया दारात हाका मारायला लागल्या. अण्णांनी चादरीची चारी टोकं ओढली, सगळ्याची एक गाठ मारली आणि ते धुणं मोटारसायकलवर घालून नदीवर नेऊन दिलं. बायांनी धुतलं, आपटलं, पिळलं, खडकावर वाळत घातलं. त्यांचा काय दोष? दसऱ्याला आलेलं धुणं होतं ते.

संध्याकाळी भिंतीपलीकडून काहीच आवाज येईना. नवरात्राचे ब्लाउज डोक्यावर होते, तरी मी मशीन थांबवलं. मग अण्णाच आले. दोन्ही हातांवर ते हिरवं लुगडं, आजारी लेकरू आणावं तसं. त्याची खळ गेलेली, घडी मोडलेली, अंग ढिलं पडलेलं. पदराचा कोपरा मी उजेडात धरला. गोरोबाच्या बोटाचा ठसा गेला होता.

"प्रीती," ते म्हणाले, "हे परत कोरं करता येतं का?"

मला राग आला. नऊवारीच्या घड्या घालणारी मी, कापड पाण्यातून निघालं की निघालं, हे मला माहीत. "आण्णा, दूध नासल्यावर त्याचं परत दूध होतं का?" मी तोडून बोलले.

"तुझ्याकडं इस्त्री हाय. खळ बी हाय."

त्यांच्याकडं बघितलं आणि राग टिकला नाही. मी खळ केली, इस्त्री तापवली. दुकानातल्यासारखी घडी घातली. दिसायला चांगलं दिसत होतं. एवढ्यात ते घरी जाऊन कुंकवाची डबी घेऊन आले. उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवून पदरावर धरलेलं. "हितं लावू? हितंच व्हतं ना?"

"कुणाचं बोट, आण्णा?"

बोट तिथंच थांबलं. पदराला लावता येईना, धोतराला पुसता येईना. शेवटी त्यांनी ते स्वतःच्याच कपाळाला पुसलं. तसेच कुंकू लावून घरी गेले. लुगडं धोतरात गुंडाळून कपाटात ठेवल्याचा आणि दार लावल्याचा आवाज मला आला.

दुसऱ्या दिवशी अण्णा सकाळच्या एसटीनं गायब. घट बसवायच्या आदल्या दिवशी हा माणूस कुठं गेला म्हणून मी दारात येऊन येऊन बघत होते. तिन्हीसांजेला आले. डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, हातात पिशवी, आणि चेहरा असा की परीक्षेला जाऊन चुकीच्या वर्गात पेपर लिहून आलेत.

पारगावला गेले होते. काकूच्या भावकीत कुणी सापडतंय का, वेळ आली तर कोरं लुगडं आणेल असं, ते बघायला. गोरोबाच्या घराला कुलूप, अंगणात बाभळ वाढलेली. शेजारची गजराबाई, म्हातारी, हिनं ओळखलं.

"'जावईबापू, कसं येणं केलंत?' म्हनली. म्या म्हनलं, सहज. तर म्हनती, जावई सहज येत न्हाईत. आता तिला कसं इचारू, प्रीती? माझी बायकू मेली की लुगडं घिऊन या, असं? जित्या बायकूचं असं कसं तोंडातून काढावं? म्या धपाटे खाल्ले. परत इचारायला तोंड उघडलं, तर तिनं दही वाढलं."

"मग?"

"मंग काय, एसटी आली. निघताना टोपी-टावेल दिलं. म्हनली, भामीला सांगा, गोरोबा गेला म्हनून माहेर गेलं न्हाय. आन् हा चोळीचा खन दिला तिला. म्या काय मागाय गेल्तो आन् काय घिऊन आलो. ही बाई काय बोलली तेच मला कळलं न्हाय."

मला कळलं होतं, पण मी सांगितलं नाही. हे सांगायचं ते माझं नव्हतं.

पाचव्या माळेला शिवकन्या काकूला आणून सोडून गेली. डोळ्याला काळा चष्मा. अण्णांनी दारातच खण पुढं केला. मी भिंतीला कान लावला, लपवत नाही.

"पारगावला कशाला गेल्ता?" काकूचा आवाज.

मग अण्णांनी सगळं सांगितलं. खाट, चादर, गाठ, नदी, खळ, कुंकू. मधे मधे अडखळले, उलटसुलट सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. ती कापड हातानं चाचपत असणार. तिच्या हाताला डोळ्याची गरज नव्हती. मग दार लागलं.

"चहा ठेवा," काकू म्हणाली. एवढंच.

त्यानंतर अण्णांचे हाल बघवेनात. काकू जेवत होती, झोपत होती, घटाला माळ घालत होती, पण लुगड्याचं नाव नाही. रागावली असती तर बरं होतं. "प्रीती, ती रागावलीया का?" ते विचारायचे. मी नाही म्हटलं तर, "मंग बोलंना का?" आणि हो म्हटलं तर, "मंग भांडंना का?" एकदा त्यांनी कपाट पुन्हा घासायला काढलं, एकच फळी इतकी घासली की काकूनं त्यांच्या हातातून पेपर काढून घेतला.

आठव्या माळेला दुपारी काकू माझ्याकडं आली. काखेत धोतराचं गाठोडं, हातात गजराबाईनं दिलेला खण. दोन्ही मशीनवर ठेवले. देवदाराचा वास खोलीभर झाला.

"माप घे," म्हणाली.

"कशाचं?"

"झंपर शीव ह्या खनाचं. ह्या लुगड्यावर."

शेवटाच्या लुगड्यावर कुणी झंपर शिवतं का? मेलेल्या बाईला मापाचं झंपर कशाला? आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि टेप हातात धरून मी रडायला लागले. मला रडताना बघून ती चिडली.

"माप घे म्हनलं. आन् दंड सैल ठेव. जेवताना वर सरकतंय."

मी माप घेतलं. मागच्या वर्षीपेक्षा दंड बारीक झाले होते, पण ती म्हणाली म्हणून मी सैलच ठेवले. जाताना दारात थांबून म्हणाली, "ह्यांना आता सांगू नको. दसऱ्यापातूर गोंधळू दे. त्याबिगर त्यांना करमत न्हाय."

दसऱ्याला मी सकाळी पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आले. संध्याकाळी ओट्यावर बसले होते. अण्णा शीव ओलांडून आपट्याची पानं घेऊन आले आणि त्यांच्या दारात उभे राहिले. आतून काकू आली. हिरवं इरकल, लाल पदर डोक्यावर, गजराबाईच्या खणाचं झंपर, डोळ्याला काळा चष्मा. नवी नवरी आणि म्हातारी एकाच वेळेला दिसत होती.

अण्णांच्या हातातली पानं खाली पडली. ती गोळा करायला वाकले, अर्ध्यात पुन्हा वर बघितलं. "हे... हे तर तुझ्या शेवटाचं..."

"धुतलं की तुमी. आता कुठलं शेवटाचं?"

"मंग तवा काय? तवा कोन आननार?"

"गजराबाईची पोरं आनतील. तिनं सांगून लावलं की तुमच्या हाती, तुमाला कळलं न्हाय. आन् न्हाय आनलं, तर न्हाय आनलं." काकूनं पदर सारखा केला. "गोरोबानं नेसायला दिल्तं, आवं. पांघरायला न्हाय. म्याच येडी, पाच पंचम्या हे कोंडून बसले. द्या आता सोनं."

अण्णांनी पानं तिच्या हातात ठेवली आणि मग, गल्लीतली सगळी माणसं येताजाता असताना, हुंदके देऊन रडले. काकू म्हणाली, "आवं, लोक बघायलेत," पण हात काही सोडवून घेतला नाही.

आता दिवाळी जवळ आलीय. ते लुगडं आठवड्यातून एकदा त्यांच्या अंगणातल्या दोरीवर वाळत असतं, भट्टीच्या धुरात. काल मी साखर मागायला गेले, तर माजघरातलं कपाट सताड उघडं. आत काहीच नाही, नुसत्या घासलेल्या फळ्या. अण्णा खाली बसून मेथी निवडत होते.

सवयीनं मी म्हटलं, "आण्णा, दार उघडं हाय. वास उडंल."

"उडू दे," अण्णा म्हणाले, आणि मेथी निवडत राहिले. पुन्हा त्यांनी मला काही विचारलं नाही.